हिंमतरावांच्या दारातले ढोल

मला ढोल आवडत नाहीत. आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून मला कुणी मिरवणुकीची हौशी बाई समजाल. टेलिफोन खात्यात उभा जन्म कानाला हेडफोन लावून काढला. निवृत्त झाल्यावर जरा शांतता मिळावी म्हणून पेठेतली जागा सोडून वारज्यात फ्लॅट घेतला. सोसायटीची सेक्रेटरी झाले आणि आवाजाच्या इतक्या तक्रारी केल्या, की मी दिसले की पोलीस चौकीतले लोक खुर्ची पुढे सरकवून विचारायचे, "या सरोजिनीबाई. आज कोण?"

अशा बाईनं नम्रताच्या पथकाचे सगळे ढोल स्वतःच्या पार्किंगमध्ये ठेवून घेतले.

नम्रता आमच्या वरच्या मजल्यावरची. वडील उत्तरेश्वर लातूरकडचे, इथे कारखान्यात फिटर. पोरगी इंजिनिअर होऊन हिंजवडीच्या कंपनीत लागली. नाव नम्रता, पण राग कायम नाकाच्या शेंड्यावर. तिच्या स्कूटीवरून आमची चांगली जुंपलीही होती. धाकटा सुदर्शन मात्र गोड. डिप्लोमाला होता. माझा सिलिंडर बदलून द्यायचा आणि जाताना डब्यातला लाडू हक्कानं घेऊन जायचा.

मग तो लाडू मागेनासा झाला. डोळे खोल गेले, हात थरथरायला लागले, घरातल्या वस्तू नाहीशा व्हायला लागल्या. समोर हिंमतरावांच्या नव्या इमारतीचं काम चालू होतं. त्यांचा भाचा साईनाथ तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये सिमेंट सांभाळायला म्हणून बसायचा आणि पोरांना नशेच्या पुड्या विकायचा. हे सगळ्यांना माहीत होतं. नम्रता चौकीत गेली, तर हवालदार म्हणाला, "पुरावा आणा ताई, नुसतं म्हणून काय होतंय?" आणि एका सकाळी सुदर्शन त्याच अर्धवट इमारतीच्या जिन्यात मेलेला सापडला.

दहाव्याला हिंमतराव स्वतः आले. जमिनी विकून बंगला बांधलेला माणूस, आता नगरसेवकाच्या तिकिटावर डोळा. "लई वाईट झालं. आपलंच लेकरू हुतं," म्हणाले आणि रुमालानं कोरडे डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला, भावपूर्ण श्रद्धांजलीचा. त्यावर सुदर्शन पासपोर्टच्या फोटोएवढा आणि हिंमतराव दाराएवढे, हात जोडून हसणारे. खाली शोकाकुल म्हणून साईनाथ. मेल्यांनो, जनाची नाही तर मनाची तरी!

नम्रतानं तो फ्लेक्स उतरवून, घडी घालून घरी आणला. जिन्यात मला भेटली. रडत नव्हती.

"काकू, मी ह्यांचं वाटोळं करणार," म्हणाली. "अंगाला बोट न लावता करणार."

मी म्हटलं, "कर. मी आहे."

सुदर्शनच्या कॉलेजात एक डॉक्टर व्यसनांवर व्याख्यान देऊन गेले होते. पोरं मागे बसून मोबाइलवर खेळली. नम्रता म्हणाली, "मोठ्यांचं ऐकणारा असता तर सुदर्शननं माझंच ऐकलं असतं. पोरं पोरांचं ऐकतात. साईनाथची गिऱ्हाइकं पोरंच पळवतील." आणि तिनं सुदर्शनच्या मित्रांना धरून ढोलपथक काढलं. कंपनीतून आली की चहा न घेता मैदानात. खाली चिखल, म्हणून सुदर्शनचा फोटो तेवढा कापून घेऊन तो फ्लेक्स अंथरायची आणि त्यावर ढोल ठेवायची. रोज संध्याकाळी हिंमतरावांच्या हसऱ्या तोंडावर दणकट ढोल! मी कानात कापूस घालून बघायला जायची. बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

हे ढोलाचं खूळ कशाला, असं मला आधी वाटलं होतं. पण ढोल मोठा चहाडखोर. कमरेला बांधून रांगेत उभं राहिलं, की ज्यानं काही घेतलंय त्याचा ठोका मागे पडतो, आणि ते शेजारच्याला कळतं, आईबापाला कळायच्या कितीतरी आधी. म्हणून नम्रतानं प्रत्येकाला एक जोडीदार दिला. ठोका ढळला तर ओरडायचं नाही, घरी चहाडी नाही, पण त्याला एकटं सोडायचं नाही.

तेजस नावाचा पोरगा, सुदर्शनचा जिवलग. एका संध्याकाळी त्याचा हात घसरला. पुन्हा घसरला. त्याची जोडीदार संस्कृती, अकरावीतली एवढीशी पोर, तिनं आपला ढोल सोडला आणि त्याच्या हातातलं टिपरू काढून घेतलं.

"शेडवर गेलेलास?"

"नाही गं. झोप झाली नाही नीट."

"तोंडानं खोटं बोलशील रे, हातानं कसं बोलशील?"

तेजस मटकन खाली बसला आणि ढसाढसा रडायला लागला. कुणी उपदेश केला नाही. पोरांनी पाळ्या लावल्या. कुणी त्याच्यासोबत डॉक्टरकडे गेलं, कुणी त्याच्या घरी अभ्यासाच्या नावाखाली मुक्कामाला राहिलं. घाम, उलट्या, शिव्या, सगळं त्यांनी काढलं. महिन्याभरानं तो रांगेत परत आला. त्याला बघून आणखी पोरं आली. साईनाथच्या शेडवर माश्या मारायची वेळ आली.

ही हवा हिंमतरावांना कळली. गणपतीच्या तोंडावर नवा फ्लेक्स लागला, 'व्यसनमुक्त वारजे, संकल्पना हिंमतराव'. विसर्जनाला नम्रताच्या पथकानं त्यांच्या मंडळापुढे वाजवावं, आणि चौकातल्या स्टेजवर ते तिचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करणार, असा निरोप आला. नम्रता हो म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. "अगं, भावाला खाल्लं त्यांनी! त्यांच्या हातची शाल पांघरणार?"

"काकू, तुम्ही फक्त पुढे उभ्या राहा," म्हणाली. "पोरांनी ठरवलंय काय करायचं ते. तेजसनंच सुचवलं."

विसर्जनाच्या दिवशी चौकात ही गर्दी. स्टेजवर फेटा बांधलेले हिंमतराव, हातात नारळ, शेजारी गुलालानं माखलेला साईनाथ. पथक वाजत वाजत स्टेजसमोर आलं. रिवाज असा, की इथे थांबून सगळ्यात दणदणीत वाजवायचं, पाहुण्यांना मान द्यायचा. नम्रतानं शिट्टी मारली. सगळे ढोल एकदम बंद.

विसर्जनाच्या मिरवणुकीत अशी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. हिंमतराव हसत म्हणाले, "वाजवा की पोरांनो, वाजवा!"

तेजस एक पाऊल पुढे आला. त्याची आई गर्दीत माझा हात धरून उभी होती, तिला काहीच माहीत नव्हतं. त्यानं टिपरू उचलून स्टेजकडे रोखलं.

"मी तेजस. मी पुडी घ्यायचो. ह्या साईनाथकडून, ह्यांच्याच शेडमध्ये."

दुसरा पुढे आला. "मी पण. साईनाथकडून." मग तिसरा, मग एक मुलगी. पोरं पुढे येतच राहिली. उद्या नोकरी, परवा लग्न, सगळं पणाला लावून स्वतःचं नाव भर चौकात सांगत होती. शेवटी नम्रता बोलली.

"सुदर्शन. तो येऊ शकला नाही."

बंदोबस्ताला तोच हवालदार होता. नम्रता त्याच्याकडे वळली. "साहेब, पुरावा मागितला होतात ना? मोजून घ्या."

तेजसच्या आईनं माझा हात सोडला, पायातली चप्पल काढली आणि थेट स्टेजवर चढली. तिच्यामागे आणखी आया. साईनाथला पोलिसांनीच जीपमध्ये घालून वाचवला. हिंमतरावांच्या हातात नारळ तसाच राहिला. मला इतका आनंद झाला, की देवानं माफ करावं.

साईनाथ आत गेला. पोरांनी चौकीत जाऊन जबाब दिले, कुणी फिरलं नाही. हिंमतरावांचं तिकीट दुसऱ्याला गेलं. मी नम्रताला म्हटलं, "झालं ना आता समाधान?"

"नाही," ती म्हणाली. "माझा भाऊ आला का परत?"

पुढच्या वर्षी तिनं सराव हलवला, तो थेट हिंमतरावांच्या बंगल्यासमोरच्या मोकळ्या जागेत. पथक आता दुप्पट झालेलं, खाली तोच फाटका फ्लेक्स. आठवड्याभरात हिंमतराव माझ्या दारात. तोंड पार उतरलेलं.

"बाई, तुमचा आवाजाच्या तक्रारीत हातखंडा हाय म्हनं. आमच्या वतीनं एक तक्रार टाका की. डोकं उठलंय. रातीला झोप न्हाय."

मी कानातला कापूस काढला. लांबून ढोल ऐकू येत होते.

"हिंमतराव," मी म्हटलं, "समोरच्या जिन्यात आमचं पोरगं तडफडून मेलं, तेव्हा तुम्हाला काही ऐकू आलं नव्हतं. आता ऐका."

आणि दार लावून घेतलं.