हार्ड डिस्कला लावलेलं चंदन

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही — आणि रसमात मीठ विसरले तरी पान वाढायच्या आधी सांगून टाकणारी बाई मी. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही आमच्याकडे कॉफीला येणार नाही, म्हणून असेल.

आधी चांगलं ते सांगते. आईचा आवाज परत मिळाला. तंजावूरला, राजवाड्यामागच्या गल्लीत माझ्या धाकट्या भावाचं घर आहे. रविवारी सकाळी आम्ही सगळे तिथं जमतो, भाऊ कॉम्प्युटर लावतो आणि आई बोलू लागते. आमची जुनी मराठी, मध्येमध्ये तमिळ. डांगराचं पीठ कसं भाजायचं, कुठल्या मामाचं लग्न कसं मोडता मोडता जमलं. आम्ही हसतो, दुसऱ्यांदा कॉफी होते. मी सुखात आहे, खोटं कशाला बोलू?

हे बोलणं साठवलं भावाच्या बायकोनं, कल्याणीनं. ती तमिळ घरातली. आली तेव्हा तिला आमचा एक शब्द येत नव्हता. आईजवळ बसून शिकली, शिकता शिकता फोनवर आईला टिपत गेली, आणि सगळं एका हार्ड डिस्कवर ठेवलं. दुसरी प्रत नव्हती. मी पोटची लेक, चार गल्ल्या पलीकडे राहणारी — मला हे कधी सुचलं नाही. टोचायचं का ते? टोचायचं.

आई गेली, त्या वर्षीची सरस्वती पूजा. आमच्या गावात त्या दिवशी पुस्तकांपासून स्कूटरपर्यंत सगळ्याला चंदन-कुंकू लागतं. पूजा भावाच्या घरी; मांडणारी मी, थोरली म्हणून, आणि त्या रात्री राहिलेही तिथंच. मनात आलं, आईचा आवाज ज्यात आहे त्याची नको का पूजा? हार्ड डिस्क पाटावर ठेवली आणि चांगलं सढळ हातानं ओलं चंदन लावलं. कुठं? जिथं वायर खोचतात, नेमकं तिथं. वर फुलानं पाणीही शिंपडलं. भक्तीत मी कधी हात आखडत नाही.

विजयादशमीला सकाळी सगळ्यांच्या आधी उठून डिस्कला कॉम्प्युटरची वायर खोचली. दिवा एकदा लागला, गेला. पुन्हा लागलाच नाही. भोकात चंदन दिसत होतं.

इथं थांबावंसं वाटतं — पण सांगते. मी केसातली पिन काढली आणि ते चंदन खरवडून टाकलं. पदरानं डिस्क लख्ख पुसली. मग भावाला हाक मारली, की बघ रे, हे चालत नाही.

पूजेच्या आदल्या दिवशी कल्याणी ती डिस्क स्कूटरवरून तिरुवैयारूला घेऊन गेली होती, मावशीला आईचा आवाज ऐकवायला. भाऊ म्हणाला, "पडलीबिडली काय गं?" ती म्हणाली, नाही. आणि मी — मी फक्त म्हटलं, "तिरुवैयारूच्या रस्त्याला खड्डे काय थोडे आहेत?" बस, एवढंच. त्यात खोटं काय होतं? खड्डे आहेतच.

भावानं डिस्क तिरुचीला दुरुस्तीला दिली. आतली तबकडी शाबूत निघाली, वरचं सर्किट तेवढं गेलं होतं. ते बदलल्यावर फाइली सगळ्या आल्या. दुकानदार म्हणाला, ओल गेली असावी. भाऊ घरी येऊन म्हणाला, येताना पाऊस लागला होता ना कल्याणीला. मी मान डोलावली.

आता प्रती तीन आहेत. कल्याणी एकीलाही हात लावत नाही. "तुम्हीच ठेवा अक्का, माझ्या हाताला नको," म्हणते. मावशीचं बोलणं टिपायला तिनं घेतलं होतं, तेही सोडलं. मावशी आता ओळखीची माणसं विसरू लागली आहे.

पण मला सांगायचं होतं ते चंदनाचं नाही. फाइली परत आल्या त्या संध्याकाळी सगळे आईचा आवाज ऐकत होते, आणि कल्याणी स्वयंपाकघरात माझ्यामागं आली. माझ्याशी कायम हट्टानं मराठी बोलणारी मुलगी, त्या वेळी तिला तमिळच सुचलं. "मन्निच्चिडुंग अक्का," म्हणाली — माफ करा. रडत होती.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, "असू दे गं, होतं माणसाकडून."

मी तिला माफ केलं.