शोफर म्हणजे तापवणारा

त्या गृहस्थांचं नाव मी विचारलं नाही. विचारलं असतं, तर त्याचीही व्युत्पत्ती ऐकावी लागली असती.

एसटी नवी होती त्या दिवसांतली थंडीची सकाळ. शहाद्याच्या स्टँडवर म्हसावदची बस काही केल्या सुरू होईना. तिकडे धाकट्या भावाचा साखरपुडा खोळंबलेला आणि नवरीची साडी माझ्या पिशवीत! ड्रायव्हर हॉटेलातून गरम पाणी आणून रेडिएटरमध्ये ओतत होता, आम्ही धक्का मारत होतो. हे कोटवाले गृहस्थ मात्र दर वेळी मफलर हनुवटीखाली ओढून तेच सांगत होते.

"इंग्रज ड्रायव्हरला शोफर म्हणतो. शब्द मूळचा फ्रेंच. अर्थ, तापवणारा! पूर्वी बॉयलर तापवल्याशिवाय मोटार हलत नसे."

"साहेब, अर्थ मंग सांगा. आते हाई बादली धरा," ड्रायव्हर वैतागून म्हणाला.

त्यांनी बादली धरली, पण तोंड थांबलं नाही. अखेर बस निघाली आणि गावाबाहेरच्या कापसाच्या जिनिंगपाशीच ते उतरू लागले. माझं डोकंच फिरलं.

"अहो, एवढ्याशा अंतराला चालत का नाही गेलात?"

त्यांनी मफलर खाली ओढला. "चालत गेलो असतो, तर ऐकलं कुणी असतं?"