काकांना सही दिली नाही

आज दुपारी माझे सख्खे काका गावाहून आमच्या लालबागच्या खोलीवर आले. बाबा गेले तेव्हाही हा माणूस आला नव्हता.

गावचं घर पणजोबांनी बांधलेलं. मागे गोठा, भाताचं कोठार, अवजारांची खोप. आता सगळ्याचीच पडझड झालीय. काकांना ते दुरुस्त करून पर्यटकांना द्यायचंय. बाबांच्या मागे कागदावर माझं नाव लागलंय, म्हणून माझी सही हवी.

“वासे कुजलेत गो. तू सही केलंस तर काम सुरू करूक येतलां,” काका म्हणाले.

मी विचारलं, “गोठ्याचं काय करणार?”

“थंय पावण्यांसाठी दोन खोल्या काढूया.”

तुम्हाला सांगते, बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा आम्ही गावी राहायला गेलो होतो. जागा नाही म्हणून याच काकांनी आम्हाला अख्खा पावसाळा त्या गोठ्यात झोपवलं. घरातल्या दोन खोल्यांना तेव्हा कुलूप होतं.

मी कागद घडी करून परत दिले. “पडू दे घर, काका. मी सही करणार नाही.”

ते आईकडे बघत राहिले. ती कपबशा उचलून मोरीकडे गेली.

काका गेल्यावर मात्र म्हणाली, “मी त्याच घरात लग्न होऊन आले गो. मला ते उभं बघायचं होतं.”

तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. काका उद्या परत आले तरी मी नाहीच म्हणणार आहे. खरं सांगा, तुम्ही सही केली असती?