चौथा कोपरा

उंब्रजला होतो तेव्हाची, त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची गोष्ट. मी एक जुनी जीप घेतली होती. खालची चासी, म्हणजे सांगाडा, गंजलेली, म्हणून वरची बॉडी उतरवायची होती. त्याच सकाळी शेजारचे काका म्हणाले, "गोठ्याचं छप्पर चढवतोय, जरा हात लावाय ये रं."

"मला माझं काम आहे," मी तुसडेपणानं सांगितलं. तिथं असं कुणी बोलत नाही. छपराची हाक आली की हातातलं टाकून जातात.

मग बॉडीसाठी कुणाला बोलवायला तोंडच उरलं नाही. एकट्यानंच बोल्ट काढले, जॅकनं एकेक कोपरा उचलून खाली विटा रचल्या. चौथ्या कोपऱ्याचा एक बोल्ट काढायचा राहिला होता. मी खाली न बघता चिडून जॅक मारत सुटलो. तो कोपरा बोल्टाला अडकला, विटा सरकल्या, बॉडी कलंडली. ती खांद्यावर पेलून धरली, पण हाक मारली नाही.

विटांचा आवाज ऐकून काकाच दोन माणसं घेऊन धावत आले. बोल्ट त्यांनीच काढला. तिघांनी एकेक कोपरा धरला, चौथा मी. बॉडी अलगद जमिनीवर आली.

"चहा घ्या," मी पुटपुटलो.

"नगं," काका म्हणाले. "छपराचा चौथा कोपरा टेकूवर ठेवून आलोय. माणूस कमी पडतोय गड्या."