बुजवलेल्या नळ्या

घाटातल्या त्या भिंतीचा विषय निघाला की अजून माझं डोकं फिरतं. धडगावकडे जाणाऱ्या रस्त्याची कड एका पावसाळ्यात खचली आणि दगडमातीचा ढीग खालच्या शेतात जाऊन पडला. शेत एका पावरा आदिवासी कुटुंबाचं. उतारावर एवढाच काय तो सपाट तुकडा. तो पिकला नाही, तर घरधन्याला बायकोपोरांसह ऊसतोडीला गुजरात गाठावं लागे.

रस्त्याची कड धरून ठेवायला भिंत बांधायची होती, मी त्या कामावरचा इंजिनिअर. माझी कागदपत्रं टेबलांवर फिरत होती, तोवर त्या शेतकऱ्याने लाहा बोलावली. लाहा म्हणजे गावाने मिळून एकाचं काम उरकायचं. मजुरी नाही, जेवण तेवढं घरधन्याचं. अख्खा पाडा राबला आणि शेत मोकळं झालं. माझी भिंत मात्र उन्हाळा सरता सरता कशीबशी उभी राहिली. मागचं पाणी निघून जावं म्हणून तिच्यात नळ्या ठेवल्या होत्या. पहिल्या सरींनंतर त्यांतून गढूळ पाणी आलं. म्हणजे भिंत बरोबर काम करत होती.

तेवढ्यात मोठ्या साहेबांचा दौरा ठरला. शहाद्याकडचा गवंडी भिंतीवरचे ओघळ बघून म्हणाला, "साहेब, नवी भित गळी ऱ्हायनी, असं म्हनतीन लोके. दोन दिन नळ्या बुजी टाकूत." मी, शिकलासवरलेला माणूस, त्याला 'कर' म्हणालो! साहेब आले, भिंतीपुढे फोटो काढून गेले. दुसऱ्या दिवशी गवंडी पेरणीसाठी गावी गेला आणि मला नंदुरबारला बैठकीला बोलावलं. नळ्या तशाच राहिल्या.

मग झड लागली. तिसऱ्या दिवशी त्या शेतकऱ्याचा फोन आला. "साहेब, भिंतीतून पाणी येत नाही. वर रस्त्याला चीर पडली. पहारीने नळ्या मोकळ्या करू?"

मी बैठकीत होतो, वैतागलेला होतो. "सरकारी कामाला हात लावू नका. मी येतो उद्या," म्हणालो.

त्याने माझं ऐकलं. पहाटे भिंत फुगून कोसळली, वीतभर वाढलेल्या मक्यावर.

पंचनाम्याला मी गेलो. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, अतिवृष्टी. नळ्यांचा उल्लेख नव्हता आणि मीही केला नाही. नोकरीची भीती वाटली, दुसरं काय! तलाठ्याने मजकूर मोठ्याने वाचला आणि सहीसाठी कागद शेतकऱ्यापुढे धरला. शेजारी पडलेल्या भिंतीच्या तुकड्यात सिमेंटने बुजवलेली नळी स्पष्ट दिसत होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"असंच झालं ना, साहेब?"

"हो," मी म्हणालो.

त्याने सही केली.