प्रॉम्प्टरचं जेवण

नंदकुमार धुरी कधी रंगमंचावर आले नाहीत, पण मंडळाच्या एकाही नाटकाचं पान त्यांच्याशिवाय हललं नाही. गिरणीत असताना सावंतवाडीकडच्या मंडळींनी नाट्यमंडळ काढलं होतं, त्याचे ते प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसायचं आणि नट अडखळला की पुढचा शब्द त्याच्या कानात सोडायचा. हातात वही असायची, पण ती नावाला. दोन तालमींत अख्खं नाटक त्यांच्या डोक्यात बसलेलं असे. संप झाला, गिरणी गेली, नंदकुमार गोरेगावच्या एका शाळेत शिपाई म्हणून लागले, मालाडला घर झालं. मंडळ मात्र चालूच राहिलं.

या पाठांतराला घरून खतपाणी होतं. नवीन नाटक आलं की नंदकुमार जेवतानाही वही सोडत नसत. एकदा वाचता वाचता बांगड्याचा काटा घशात अडकला, तेव्हापासून त्यांच्या बायकोने, सुहासिनीने, पद्धतच पाडली. समोर बसून काटे काढायची आणि माशाचे तुकडे त्यांच्या ताटाच्या कडेला सरकवायची. तोंडाने बडबड चालूच. "तुमचा राजा मरेपर्यंत भात थंड व्हायचा. आधी जेवा, मग मारा त्याला." तिच्या हातचं तिरफळ घातलेलं माशाचं तिखलं, पावसाळ्यात सुकटीची कोशिंबीर, सोमवारी काळ्या वाटाण्याचं सांबारं, अंगात कसर असली की कुळथाची पिठी. ताटात काय आहे याचा विचार नंदकुमारांनी कधी केलाच नाही. ते असायचंच.

सुहासिनी गेली आणि ताट रिकामं होत गेलं. एकदम नाही. आधी मासे गेले, कारण दुसऱ्या कुणी केलेला मासा त्यांच्या घशाखाली उतरेना. मग डाळी-उसळी गेल्या. एकट्यासाठी कोण भिजत घालणार? दाताची कवळी सैल झाली, तेव्हा चावायचं काही नकोच वाटू लागलं. सकाळी चहा-खारी, दुपारी ताकभात आणि लोणचं, रात्री पुन्हा चहा, त्यात बुडवून टोस्ट. मुलगी जान्हवी मुलुंडहून रोज फोन करायची.

"बाबा, जेवलात?"

"जेवलो ना."

खोटं नव्हतं. त्यांच्या दृष्टीने ते जेवणच होतं.

माणूस वाळत गेला, तरी नंदकुमारांनी ते वयावर टाकलं. दुपारभर डुलक्या लागायच्या. सोसायटीतल्या माणसांची नावं ओठांवर येऊन थांबायची. गॅसवर ठेवलेलं दूध दोनदा करपलं. कुणाला बोलले नाहीत.

मग मंडळाचा मेळावा आला. गोरेगावच्या एका छोट्या सभागृहात म्हाताऱ्यांनी जुन्या विनोदी नाटकातला एक प्रवेश करायचं ठरवलं. घरजावयाच्या भूमिकेत रतन परब, नंदकुमारांचा गिरणीपासूनचा दोस्त. प्रॉम्प्टर कोण, हे विचारायची गरजच नव्हती. नंदकुमार सवयीने वही न घेताच विंगेत बसले.

मधेच रतन अडला. वळून विंगेकडे बघितलं. नंदकुमारांना त्याचा चेहरा दिसत होता, नाटक कुठलं तेही ठाऊक होतं, पण डोक्यात पुढचं वाक्य नव्हतंच. जिथे शब्द असायचे तिथे नुसतं पांढरं. रतनने दोन वाक्यं मनानं जोडून वेळ मारून नेली, लोक हसलेही. पडदा पडल्यावर तो जवळ आला.

"नंद्या, खय हरवलंस रे?"

नंदकुमारांनी चपला घातल्या आणि कुणाला न सांगता घरी गेले. त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा भीती वाटली. एक दिवस सुहासिनीही अशीच पुसली जाईल, याची.

रतननेच जान्हवीला फोन केला. ती वडिलांना डॉ. प्रांजल नाडकर्णींकडे घेऊन गेली. डॉक्टर तरुण होती, पण घाई करणारी नव्हती. तिने तारीख विचारली, काही शब्द लक्षात ठेवायला सांगितले, आणि मग म्हणाली, "आजोबा, काल दिवसभरात काय खाल्लंत?"

नंदकुमारांनी सांगितलं. परवाचंही तेच होतं. त्याच्या आदल्या दिवशीचंही.

रक्ताचे रिपोर्ट आले. बी-ट्वेल्व्ह तळाला, प्रथिनंही कमी. डॉक्टरने समजावलं, "मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात. तो निरोप नेणारी बरीचशी द्रव्यं शरीर प्रथिनांतूनच बनवतं. डाळ, अंडी, मासे, दूध यांतून कच्चा माल आला नाही तर आधी अंग झिजतं, आणि मग लक्ष लागणं, आठवणं यावरही ताण येतो. सगळं विसरणं याच्यामुळेच आहे असं मी म्हणणार नाही. वय आहे, घरातलं दुःख आहे. पण हे भरून काढता येतं. आधी ते करू, मग बघू."

इंजेक्शनं सुरू झाली. कवळी नीट करून घेतली. जेवणाचं मात्र अडलं.

"मी मासे सोडलेत," नंदकुमार म्हणाले.

"कधी? मला बोलला नाहीत," जान्हवी म्हणाली.

"तुझी आई गेली तेव्हा."

जान्हवीने वाद घातला नाही. तिने वर्सोव्याला सेराफिनामावशीला कळवलं. सेराफिना आणि सुहासिनी एका पॅकिंगच्या कारखान्यात शेजारी बसून काम करत. दोन दिवसांनी ती सुकटीची पिशवी आणि कुळथाचं पीठ घेऊन दारात उभी.

"धुरीभाऊ, मी रांधणार नाय," ती खुर्चीत बसत म्हणाली. "तुम्हाला माझ्या हातचं उतरायचं नाय. तुम्हीच करा. तिने मला शिकवलं, मी तुम्हाला सांगते."

पहिल्या दिवशी फक्त पिठी झाली. कुळथाचं पीठ पाण्यात कालवायचं, लसणाच्या फोडणीत ओतायचं आणि हलवत राहायचं, नाहीतर गुठळ्या. गुठळ्या झाल्याच. तरी वाफेबरोबर तो वास आला, आणि नंदकुमार ओट्याला धरून उभे राहिले. डोळे पुसत त्यांनी दोन वाट्या प्यायल्या. सेराफिनाने खिडकीबाहेर बघितलं. बांगड्याची पाळी पुढच्या आठवड्यात आली. काटे त्यांनी स्वतः काढले, सावकाश, वाचायला काही न घेता.

हळूहळू दिवसाला आकार आला. सकाळी अंडं, दुपारी डाळ किंवा मासा, रात्री मूग नाहीतर चवळी. दुपारच्या डुलक्या कमी झाल्या. जिना चढताना पाय लटपटेनासे झाले. काही महिन्यांनी डॉक्टरने पुन्हा शब्द विचारले, तेव्हा एक सोडून बाकीचे आले. जुनी नाटकं मात्र पूर्वीसारखी सलग आली नाहीत. तुकड्यातुकड्यांनी आली, आणि काही आलीच नाहीत. नंदकुमारांनी ते मान्य केलं. मंडळाच्या पुढच्या तालमीला ते चष्मा लावून, वहीवर बोट ठेवून बसले आणि रतनला म्हणाले, "आता मी वाचून सांगणार. चालेल?"

"सांगणारो तूच होयो," रतन म्हणाला. "बाकी काय नाय."

तालमीनंतर चहा आला. रतनने चहात टोस्ट बुडवला, एक खाल्ला, दुसरा खाल्ला. त्याची बायको गेल्यालाही वर्ष होत आलं होतं, मुलगा दुबईला.

"रात्री काय करतंस?" नंदकुमारांनी विचारलं.

"ह्याच. भूक खय लागता?"

नंदकुमारांनी त्याच्या हातातला कप घेऊन खाली ठेवला. "चल घरी. चवळीची उसळ आहे, रव्यात घोळवून दोन बोंबील तळतो."

"तुका येता?"

"शिकलो," नंदकुमार म्हणाले आणि वही काखेत मारून चालू लागले.