बुधवारचा घास

मास्तरांनी कॉफी करायला घेतली की आमच्या अख्ख्या कॉम्प्लेक्सला कळायचं, कारण धुराचा अलार्म वाजायचा. हिरव्या बिया कढईत काळ्याभोर होईस्तोवर भाजायच्या, ती धुरकटलेली कढई प्रत्येक पाहुण्याच्या नाकाखाली फिरवायची आणि मगच कॉफी उकळायला ठेवायची, अशी त्यांची रीत. एकदा तर चक्क अग्निशमन दलाचा बंब आला. हेल्मेटवाले ते धिप्पाड जवान दारात उभे, आणि मास्तर त्यांच्याही नाकाखाली कढई धरताहेत! त्यांची सूनबाई कपाळाला हात लावून बसली होती. "धूर घेतल्याशिवाय पाहुणा कॉफीला बसत नाही," मास्तर शांतपणे म्हणाले.

ही रीत वाईची नव्हे, इथिओपियाची. मास्तर मूळचे वाईचे. तिकडे बादशहा होता त्या काळात भारतातून शिक्षक जायचे, त्यांत हेही गेले आणि जिम्मा नावाच्या गावात बारा वर्षं गणित शिकवून आले. म्हातारपणी मुलाकडे वेस्ट विंडसरला येऊन राहिले. शेजारच्या घरात मी. नागपूरची, नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, नोकरीची परवानगी नाही आणि तोंडाला कुलूप नाही. दिवसभर घरी असणारे आम्ही दोघंच. आमचं जमलं नसतं तरच नवल!

मला ड्रायव्हिंग त्यांनी शिकवलं. गंमत म्हणजे त्यांना स्वतःला गाडी येत नव्हती. "करून बघ, मग बोल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शेजारच्या सीटवर सीटबेल्ट लावून ताठ बसायचे आणि दोन गाड्यांच्या मधे गाडी लावताना ओरडायचे, "कोन बघ, पोरी, कोन!" मी म्हणायचे, "मास्तर, ही भूमिती नाही, होंडा आहे." मास्तर जाऊन आता बरीच वर्षं झाली. गाडी लावताना मी अजून कोन बघते.

मात्र एका गोष्टीचं मला फार आश्चर्य वाटायचं. माझी दोन वर्षांची लेक अर्धं चावलेलं बिस्कीट त्यांच्यापुढे धरायची आणि हे लगेच आ करायचे. एवढ्या सोवळ्या घरातला माणूस! मी एकदा चिडवलं, "काय मास्तर, उष्टं चालतं वाटतं आता?" ते हसले नाहीत. "ते एकदा नाही चाललं, त्याचीच फळं भोगतोय," म्हणाले आणि मग त्यांनी सगळं सांगितलं.

जिम्म्यात तस्फाये नावाचा त्यांचा एक विद्यार्थी होता. वडील नव्हते. परीक्षेत तो पहिला आला म्हणून त्याच्या आईनं मास्तरांना जेवायला बोलावलं. मुद्दाम बुधवारी. तिकडे बुधवारी उपास, म्हणजे ना मटण ना दूध, नुसत्या डाळी आणि भाज्या. मास्तर शाकाहारी, म्हणून तिनं वार बघून बोलावलेलं. आपल्या आंबोळीसारखी, पण परातीएवढी, आंबट इंजेरा. तीच ताट, त्यावरच कालवणं, आणि सगळ्यांनी त्यातूनच खायचं. जेवता जेवता त्या माउलीनं एक घास वळला आणि मास्तरांच्या तोंडाशी नेला. तिकडे त्याला गुर्शा म्हणतात. याहून मोठा मान नाही, आणि नाही म्हणायचं नसतं.

"त्याच हातानं ती जेवत होती गं," मास्तर म्हणाले. "मी मान फिरवली. तिचा हात तसाच राहिला. मग तिनं तो घास ताटात ठेवून दिला." पुढे तिथे क्रांती झाली, शाळा बंद पडली, मास्तर परत आले. माफी मागायची राहून गेली. तीस वर्षं हे काट्यासारखं सलत होतं.

आणि दोन हजार पाच साली एक जाड, सोनेरी काठाचं आमंत्रण आलं. वॉशिंग्टनला इथिओपियाच्या वकिलातीत खाणं, गाणं आणि नाच यांची संध्याकाळ. सोबत चिठ्ठी: 'सर, याच. तुमचा तस्फाये.' जुन्या विद्यार्थ्यांनी इंटरनेटवर एकमेकांना शोधलं होतं, त्यातून त्याला मास्तरांचा पत्ता मिळाला होता. मुलाला ऑफिसचं काम, म्हणून ड्रायव्हर मी. रस्ताभर मास्तर एकच घोकत होते, "आई असेल का गं त्याची? समोर आली तर कुठून सुरुवात करू?"

वकिलातीत सगळे सुटाबुटात. राजदूतांचं भाषण झालं. एका तारेचं वाद्य वाजलं. पोरापोरींनी नुसत्या खांद्यांचा नाच केला. मास्तरांचं कशातच लक्ष नव्हतं. तस्फाये आला, पिकल्या केसांचा, उंच. वाकून नमस्कार केला. मास्तरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आई?"

"गेली, सर. चार वर्षं झाली."

मास्तर खुर्चीत बसले. तेवढ्यात जेवण आलं. पाहुणे नाना देशांचे, म्हणून प्रत्येकाला वेगळी ताटली आणि काटा-चमचा. इंजेराच्या नीट सुरळ्या करून ठेवलेल्या. आता इथे कोण कुणाला घास देणार, डोंबल! मला रडूच यायला लागलं.

"आई तुमची फार आठवण काढायची," तस्फाये म्हणाला. "म्हणायची, सरांच्या देशात तोंडात घास फक्त आई घालते. मी हात पुढे केला तेव्हा त्यांना त्यांची आई आठवली, म्हणून त्यांनी तोंड फिरवलं."

सुटले होते की मास्तर! नुसतं हो म्हणायचं होतं. मी टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय लावला. पण नाही. "तसं नव्हतं ते," ते म्हणाले. "मी तो घास उष्टा मानला. तुझ्या आईचा अपमान केला मी. मला माफ कर."

तस्फायेनं काटा खाली ठेवला. "मला माहीत आहे, सर. तुमच्या घरच्या रीती तुम्हीच वर्गात सांगितल्या होत्या. त्या दिवशी तुम्ही गेल्यावर आई रडत बसली. आणि तुम्ही मला फार आवडायचात. मग तिला ते आईचं मीच रचून सांगितलं. तिनं ते शेवटपर्यंत खरं मानलं. प्रार्थनेत तुमच्या आईचंही नाव घ्यायची."

मास्तरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तस्फायेनं इंजेराची सुरळी हातानं उलगडली, डाळीत घास वळला आणि सगळ्या सुटाबुटांदेखत त्यांच्या तोंडाशी नेला. मास्तरांनी तो घेतला. चावायला त्यांना बराच वेळ लागला. मग त्यांनी स्वतः एक घास केला आणि त्याच्यापुढे धरला.

"हा तिला द्यायचा होता," ते म्हणाले. "तू खा."